तू बस, मी आणते

गावाचं नाव कशाला लिहिता बाई, अमळनेरकडचं एक गाव एवढं लिहा, तिथं आता आमचं कोणी नाही आन जे आहेत ते ओळख देत नाहीत. मी चार वर्षांची असतांना आबानं, म्हणजे माझ्या बापानं, बिऱ्हाड उचललं आन लिंबायतला आणलं, सुरतमधी तेव्हा लूमवर माणूस पाहिजेच असायचा. त्याच्या आधी गावातच मला ताप आला होता, सात दिवस राहिला, गेला तं डाव्या पायातला जोर घेऊन गेला. पाय आहे, पण बारीक आहे, चालली की एका अंगाला झुकते. तुम्ही पाहिलंच आहे, आत्ता दार उघडायला आली तेव्हा. पाहिलं तं पाहिलं, मला त्याचं काही नाही. आधीच सांगून ठेवते, कारण ही गोष्ट त्या पायाची आहे. मी दीड वर्ष समजत होती की खाण्याची आहे.

सातवीपर्यंत म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत गेली, मग धागा कटिंगला बसली. धागा कटिंग म्हणजे काय सांगू तुम्हाला, साडीवर बुट्टी असते ना, तिच्या मागच्या बाजूला धागे लोंबत राहतात, ते कात्रीनं कापायचे, साडी फाटली नाही पाहिजे आन धागा राहिला नाही पाहिजे. सकाळी टेम्पोवाला साड्यांचं पोटलं टाकून जातो, संध्याकाळी घेऊन जातो. बसून करायचं काम, माय म्हणे देवानं तुझ्यासाठीच काढलं. आमच्याहून दोन घरं सोडून सरला राहायची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, लग्न झालेलं, नवरा डाइंग मिलमधी, लेकरू तेव्हा नव्हतं, तं ती दिवसभर आमच्याच ओट्यावर, माझ्यासोबत धागे कापत बसायची. मला सख्खी बहीण नाही. होती ती सरलाच होती, हे मी आजही खोटं नाही म्हणत.

मी विशीची झाली आन पाहुणे यायला लागले. तुमच्याकडेही असंच असेल, पोहे, चहा, डोक्यावर पदर, नाव काय, शिक्षण किती, आन मग पोरी जरा चालून दाखव. तीन जण आले, तिघांनी चालायला लावलं. आमची खोली केवढी, भिंतीपर्यंत सहा पावलं, जायचं आन परत यायचं, आन सगळे खाली पाहून राहिले, माझ्या तोंडाकडे कोणीच नाही. तिसऱ्या वेळी पोराचा काका म्हणे अजून एकदा चाल, जरा लवकर चाल. मी भिंतीपाशी गेली आन तिथंच उभी राहिली, वळलीच नाही. ते उठून गेले तेव्हा मी मायला सांगितलं, आता घरात कोणाला आणशील तं पोहे त्याच्या डोक्यावर ओतीन. लग्न नाही करायचं असं नाही म्हटलं मी, हे लिहा बाई, मला कोणी असं पाहायचं नाही एवढंच म्हटलं. माय गप्प बसली. गप्प बसली म्हणजे तिनं ऐकलं असं मी समजली.

दुसऱ्या दिवशी सरला आली, म्हणे ठेव ती कात्री, चाल. मला रिक्षात घातलं आन स्टेशनकडे नेलं, तिथं एक नवा लोचोवाला लागला होता. ही चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या नंतरची गोष्ट. प्लेगमधी अर्धी लिंबायत गावाकडे पळाली होती, आम्हीबी पळालो होतो, परत आलो तं हळूहळू सुरत वेगळीच व्हायला लागली, रस्ते रुंद, रोजच्या रोज झाडू, आन जिथं पाहा तिथं खायचं नवीन दुकान. लोचो तुम्हाला माहीत आहे, खमण बिघडल्यासारखा दिसतो, वर तेल, शेव, कांदा, पण तोंडात गेला की माणूस बोलत नाही. एका डिशमधी दोघींनी खाल्ला. मग समोर कोको प्यायलो, थंडगार, घट्ट, दोघींना कोकोच्या मिशा आल्या, सरला तशीच मिशी ठेवून त्या पोराच्या काकाची नक्कल करायला लागली, पोरी जरा लवकर चाल. मी इतकी हसली की नाकातून कोको आला. घरी आली तरी हसत होती. माय दारातच होती, ती माझ्या तोंडाकडे पाहातच राहिली, पाहातच राहिली. मला वाटलं पोर हसली म्हणून तिला बरं वाटून राहिलं.

मग तं नादच लागला. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, सरला यायची, म्हणे उषे, नवीन जागा निघाली. तिची नणंद शोभा पण यायची कधी कधी, ती खाण्यात सगळ्यांच्या पुढे. उधन्याला डोसा खाल्ला, मैसूर मसाला, आत लाल चटणी. एका ठिकाणी पावभाजी, भाजी बरी होती पण बटर वास मारायचं. वराछाकडे फालुदा, एवढा उंच ग्लास, खाली तकमरिया, आपला सब्जा. भागळला सीताफळाचं आईसक्रीम खाल्लं, ते तं काय सांगू तुम्हाला, बिया काढलेलं सीताफळ मी पहिल्यांदा पाहिलं. मायनं मला फिरोजी रंगाचा ड्रेस शिवला, खाली पावलापर्यंत, म्हणे बाहेर जाते तं नीट जात जाय. मायला अचानक एवढं कसं सुचलं हे माझ्या मनात आलं नाही. आनंदात असलं की माणूस विचारत नाही.

आन सरला, काय जपायची मला. रिक्षा दुकानाच्या दारालाच लावायची, सगळ्यांच्या आधी पोचायचं, खुर्ची तीच दाखवायची, म्हणे इथं बस, इथं पंखा लागतो. आन एकदा बसवलं की उठू द्यायची नाही. तू बस, मी आणते. पाणी, चमचा, चटणी, हात धुवायला सुद्धा ग्लासात पाणी घेऊन यायची. मला तं भरून यायचं बाई. घरात माय म्हणायची ऊठ, तुझं तू घे, आन ही परक्याची लेक मला राणीसारखी बसवून ठेवते. मी मनात म्हणायची, जगात एक माणूस असं आहे ज्याला माझा पाय दिसतच नाही. एकच गोष्ट मला समजायची नाही, आवडलेल्या दुकानात परत जायचं ती नाव काढायची नाही. मी सीताफळाच्या आईसक्रीमसाठी किती मागं लागली, तं म्हणे सुरत केवढी पडली आहे, एकाच ठिकाणी काय जायचं. आन खाऊन झालं तरी निघायची नाही, आजूबाजूचे उठून गेले की मग म्हणे चाल.

असं दीड वर्ष चाललं. शेवटचं दुकान घोडदोड रोडला, आईसक्रीमचंच, काचेचं दार, आत एसी, फरशी इतकी गुळगुळीत की मी सरलाचा हात धरून गेली. दुपारची वेळ होती, शोभाबी सोबत होती, आम्ही पहिल्याच. तिनं मला बसवलं. मग शेजारच्या टेबलावर एक घर येऊन बसलं, आपल्याकडचंच, एक मावशी कपाळाला मोठं कुंकू, एक म्हातारे, एक पोरगा खिशाला पेन लावलेला. मी म्हटलं पाहा, आपली माणसंही आता इथं यायला लागली. सरलानं आईसक्रीम आणून ठेवलं आन पाणी आणायला गेली, काउंटरवर गर्दी झाली होती, ती तिथंच अडकली. चमचा एकच आला होता, तो शोभानं उचलला. माझं आईसक्रीम वितळून राहिलं. आता चमच्यासाठी काय कोणाची वाट पाहायची, मी उठली आन गेली. काउंटर दहा-बारा पावलांवर होता. चमचा घेतला, वळली, आन ती मावशी काउंटरकडे पाहून मोठ्यानं म्हणे, आवं सरला, हाई पोर तं लंगडी शे, तू आमले सांगं का नही?

तिनं सरलाचं नाव घेतलं. मला लंगडी म्हटलेलं नवीन नव्हतं, पण तिला सरलाचं नाव कसं माहीत? मी सरलाकडे पाहिलं, ती पाण्याचे ग्लास घेऊन उभी, तोंड पांढरं, म्हणे पायाचं मी नंतर सांगणारच होती मावशी, आधी पोर तं पाहा. आधी पोर तं पाहा. तेव्हा मला सगळं कळलं, एका झटक्यात, तो पंखा, ती खुर्ची, तो फिरोजी ड्रेस. मी चमचा टेबलावर ठेवला. दारापर्यंत चालत गेली, त्यांच्या टेबलाजवळूनच गेली, रस्ता दुसरा नव्हता. पोरगा खाली पाहून राहिला होता. सरला मागून उषे उषे करत आली, मी रिक्षा केली आन तिला चढू दिलं नाही.

घरी मायला विचारलं तं ती रडायला लागली. म्हणे त्या दिवशी कोको पिऊन आली तेव्हा तू किती छान दिसत होती, मला वाटलं लोकांनी तुला अशी पाहायला पाहिजे, घरात तं तुझं तोंड मेल्यावाणी होऊन जातं. आधी तोंड आवडू द्यायचं, मग पायाचं सांगायचं. तिनंच सरलाला गळ घातली होती, सरलाची मामी स्थळं आणायची, सरला जागा ठरवायची. मी तुना भलासाठे करं, पोरी, असं म्हणे. आबा बाजूला बसले होते, लूमवर राहून त्यांना कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकलं, ते म्हणे खावाले तं भेटनं ना तुले. शोभाला विचारलं तं ती म्हणे मला वाटलं तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पोटलं आलं, मी कापायला बसली, आन एकेक धागा कापतांना एकेक दुकान आठवायला लागलं. डोशाच्या दुकानात एक टोपीवाले बाबा माझ्याकडे टक लावून होते, मी म्हटलं म्हातारपण आहे, बिचारे. फालुद्याच्या दुकानात एक बाई स्वतःहून बोलली, गाव कोणतं, भाऊ किती, मी किती प्रेमानं सांगितलं. आन पावभाजीच्या दुकानात एक जण होता. त्याच्या हातातून पाव पडला, मी हसली, तं तोबी हसला, मोकळा हसला. तेवढंच. पण बाई, खोटं कशाला सांगू, तो मी चार महिने मनात ठेवला होता. कोणाला सांगितलं नाही, सरलालाही नाही. पाहिलं ना, सगळं लपवणाऱ्या बाईपासून मी एवढं एक लपवलं होतं. मग मायला विचारलं, पावभाजीचं कोण होतं. माय म्हणे डिंडोलीचं स्थळ होतं, पोराला तू आवडली होती, पायाचं सांगितलं तं आठ दिवसांनी नाही म्हणे. म्हणजे मी इथं त्याचं हसणं आठवत धागे कापून राहिली होती आन तिकडे तो कधीचाच नाही म्हणून मोकळा झाला होता. घरात येऊन नाही म्हणणारे बरे, ते तोंडावर तं म्हणतात. इथं तं नाही म्हणतांना मला कोणी बोलावलंसुद्धा नाही.

मायला मी माफ केलं. माय आहे, ती तिच्या घाबरण्यातून करते. सरलाला नाही केलं. पोहे घेऊन बसायचं तेव्हा मला माहीत तं असायचं की मी दाखवायला बसली आहे, तसं तोंड करून बसायची मी. हिच्यासमोर मी तोंड उघडं ठेवलं होतं. लोकांच्या नजरेपासून पळून मी जिथं येऊन बसायची, तिथंच तिनं लोकांना आणून बसवलं. आन तू बस, मी आणते, ही जी माया मला वाटायची, ती माझा पाय टेबलाखाली राहावा म्हणून होती. तिला पाय दिसत नव्हता असं मी समजायची, तिच्याइतका तं तो कोणाला दिसतच नव्हता.

दोन वर्षं बोलली नाही मी तिच्याशी. मग तिच्या नवऱ्यानं भेस्तानला खोली घेतली, ते तिकडे गेले. मागच्या दिवाळीनंतर आली होती, कडेवर पोर, मुलगी झाली तिला. ओट्यावर बसली, कात्री उचलली, धागे कापायला लागली पहिल्यासारखी. मी माझी साडी पुढे ओढली. बऱ्याच वेळानं ती म्हणे, मला वाटलं एखादं तरी जमेल, तुझं घर होईल. मी म्हटलं मला एकदा विचारायचं होतं. ती म्हणे तू नाही म्हटली असती. मी म्हटलं हो, म्हटली असती. मग मी तिला विचारलं, आमच्या अहिराणीतच विचारलं, सरले, एक तरी दुकान असं व्हतं का, जठे आपन नुसतं खावाले गऊत?

ती कात्री घेऊन बसली, विचार करत राहिली. इतका वेळ विचार करावा लागला तिला. मग म्हणे, पयलं.

लोचो आन कोको. बाकी सगळी दुकानं तिची आन मायची. ते एक माझं आहे, ते मी ठेवून घेतलं. तिला चहा दिला, पोरीच्या हातात बिस्कीट दिलं. ती पुन्हा येऊ का म्हणे, मी म्हटलं ओटा काय कोणाला नाही म्हणतो. पण पहिल्यासारखं नाही झालं बाई, ते होत नसतं. तिचं वाईट व्हावं असं मी कधी म्हटलं नाही. तिची पोर सुखात राहो, आन तिला न सांगता कोणी कुठं दाखवू नये.

आता माझ्या हाताखाली चार बाया बसतात, मार्केटमधी पोटलं द्यायला मीच जाते. स्थळ येतं अजून एखादं, मायला सांगून ठेवलं आहे, आधी पायाचं सांग, मग नाव सांग. आन नवीन दुकान निघालं की मी जाते, ते नाही सोडलं, कधी त्या बायांना घेऊन, कधी एकटी. रिक्षा दुकानाच्या जरा अलीकडेच सोडते. आत गेली की बसत नाही. दारापासून काउंटरपर्यंत जाते, पाणी घेते, चमचा घेते, सगळ्या टेबलांच्या मधून परत येते. सावकाश. ज्याला पाहायचं त्यानं पाहून घ्यावं. मग बसते आन खाते.