वेल्हाळांची पँट इस्त्रीला का येत नाही?

सहा शर्ट.

कोळशाची इस्त्री. वर पाण्याचा शिंतोडा — चर्र!

सांगलीहून आलेले एक मामा.

उसाची ट्रॉली.

घोट्याजवळचं इलॅस्टिक.

पेटीवाले माझ्याकडे बघतायत! म्हणतायत, बुवांची पानं आज उलटसुलट झाली. नाही हो, पानं जागेवर आहेत. पण आधी एक प्रश्न. मंडळी, ऐका! एखाद्या माणसाबद्दल संशय आला, तर पहिल्यांदा विचारायचं कुणाला? शेजाऱ्याला? दुकानदाराला? उत्तर येत असेल तर आत्ताच सांगा, मी हार काढून ठेवतो आणि घरी जातो!

नाही ना? मग बसा.

कराडात एक गृहस्थ — सदानंद वेल्हाळ. वय चौपन्न. नोकरी ओगलेवाडीला, पाइपच्या कारखान्यात, खरेदी विभागात. डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, पाय हलवा. स्कूटर ठेवली, सायकल काढली. आणि एक दिवस अंगावर आली ती पँट! जॉगर म्हणतात तिला. गडद करडी. टेबलामागे बसलेला माणूस बघाल, तर साहेब. टेबलाखाली वाकून बघाल, तर घोट्याला इलॅस्टिक, पळायला निघालेला! आता टेबलाखाली वाकून बघतं कोण?

आपण! आपणच बघतो!

वेल्हाळांची मुलगी अनघा. औषधांच्या दुकानात कामाला. सांगलीचं स्थळ आलं. मुलगा कौस्तुभ. त्याला ती पसंत, तिला तो पसंत. दोघं फोनवर बोलायला लागली, तर चहा निवायचा! मग राहिलं काय? चौकशी! मुलाचे मामा — शरदमामा — कराडात उतरले. वेल्हाळांच्या घरी गेले? छे! चौकशीचा माणूस घरी जातो का? तो गल्लीच्या तोंडाशी जातो. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचा गाडा, गाड्यामागे सुभाषअण्णा.

"काय अण्णा, वेल्हाळांचे कपडे तुमच्याकडंच?"

"माझ्याकडंच की. वीस वर्सं झाली."

"माणूस कसा?"

"देवमाणूस."

झालं! मामा वळले. इथे आख्यान संपायला हवं होतं. पण अण्णा पडले खरं बोलणारे. आणि खरं बोलणाऱ्या माणसाला, मंडळी, एक वाक्य जास्त बोलायची सवय असते.

"पर पावणं... चार म्हैनं झालं, त्यांची पँट येत न्हाई."

मामा थांबले. "म्हणजे?"

"सा शर्ट येत्यात. पँट एक न्हाई. सकाळी सायकलीवरनं जात्यात, पळायची इजार घालून, डबा घिऊन. मी बी इचारात पडलोय."

बघा हं आता, मामांचं डोकं कसं पळतं! पँट नाही — म्हणजे कचेरी नाही. कचेरी नाही — म्हणजे नोकरी नाही. मग माणूस सकाळी जातो कुठे? सायकलवर? व्यायामाची विजार घालून? डबा घेऊन? घरच्यांना फसवतोय! कुठेतरी बागेत बसून डबा खातोय!

कारखान्यात फोन करायचा? कशाला! मामांना कळलं होतं ना!

तिसऱ्या दिवशी मध्यस्थ बाईंचा फोन. घेतला वेल्हाळांच्या बायकोनं, शैलजावहिनींनी. "वहिनी, ती मंडळी म्हणतायत, थोडं थांबू या. राग मानू नका हं... इस्त्रीवाला म्हणाला, सदाभाऊंची पँट चार महिने इस्त्रीला येत नाही. त्यांची नोकरी आहे ना?"

वहिनी म्हणाल्या, "आहे म्हणजे काय! रोज जातात की!"

फोन ठेवला. दोरीवर ती करडी पँट वाळत होती. वहिनी तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. आधी हे नऊला निघायचे, आता सव्वाआठला का? कचेरीतल्या गोष्टी सांगायचे, हल्ली गप्प का? पगार? तो फोनमध्ये येतो हो, दिसतो कुणाला!

पंचवीस वर्षांचा संसार. आणि जिंकलं कुणी? पँटनं!

रात्रीच्या जेवणाला वहिनींनी विचारलं, "आज काय काम होतं?"

"नेहमीचंच."

अरे देवा! नेहमीचंच! साधा माणूस हेच म्हणतो, लबाड माणूसही हेच म्हणतो. आता करा काय?

अनघा ऐकत होती. तिला कौस्तुभ हवा होता, आणि बाप खोटा निघायला नको होता. सकाळी तिनं दुकानातून सुट्टी घेतली. बापाची सायकल पुढे, लेकीची स्कूटी मागे. तोंडाला ओढणी, वर काळा चष्मा. कृष्णेचा पूल. विद्यानगर. सायकलच्या मागे सायकलच्या वेगानं स्कूटी चालवून बघा — ब्रेक सोडता येत नाही!

तेवढ्यात मधे आली उसाची ट्रॉली. करकरत, डुलत. बाप दिसेना. गेला? वळला? बागेत शिरला? अनघाच्या डोळ्यांत पाणी. ट्रॉली सरकली —

बाप रस्त्याच्या कडेला. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. चाकाकडे बघतोय. स्कूटी दिसली, आणि तो निघाला.

तिला वाटलं, नशीब.

कारखान्याचं फाटक आलं. रखवालदार उठून उभा राहिला, "नमस्कार साहेब!" सायकल आत. नोकरी आहे! बाप खरा आहे! लेक स्कूटी वळवणार, तोच रखवालदार धावत आला.

"ताई, साहेबांनी सांगितलंय, आत या. म्हणाले, माझी मुलगी मागनं येतीय, तिला चहा दे."

मंडळी, त्या पोरीनं तो चहा कसा घेतला असेल, मला सांगता येणार नाही.

"कधी कळलं, बाबा?"

"पुलावर. तुझ्या स्कूटीचा खडखडाट मला ओळखू येत नाही होय!"

"मग थांबवलं का नाही मला?"

"तुला बघायचं होतं. म्हटलं, नीट बघू दे. ट्रॉलीपाशी चुकशील असं वाटलं, म्हणून थांबलो." मग चहात बघत म्हणाला, "विचारायचंस गं."

एवढंच. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं!

मध्यस्थ बाईंकडून मामांना बातमी कळली, नोकरी आहे! लगेच फोन — "आमचा होकार आहे!" वहिनी साखर शोधायला लागल्या. अनघा म्हणाली, "थांब आई. माझी एक अट आहे. कौस्तुभनं इथं यावं आणि बाबांच्या तोंडावर विचारावं."

"काय विचारावं?"

"हेच. तुमची पँट इस्त्रीला का जात नाही? मी विचारलं नाही, बाबांच्या मागे गेले. आता घरात दुसरा तसलाच माणूस नको."

कौस्तुभ आला. कानापर्यंत लाल! मामा शेजारी, जमिनीकडे बघत. पण पोरानं विचारलं बरं का, शब्दाला शब्द!

वेल्हाळ हसले. पाय उचलून समोर धरला. "हे इलॅस्टिक बघा जावईबापू. जुन्या पँटचा पाय साखळीत गेला, पुलावर भर रस्त्यात आडवा झालो. हिला सांगितलं असतं, तर सायकल बंद! म्हणून ही घेतली. चेनमध्ये जात नाही, गुडघ्याला ताणत नाही, आणि कचेरीत कुणी नाव ठेवत नाही."

वहिनी म्हणाल्या, "पडला होतात? अहो, मला बोलला नाहीत?"

"तू विचारलं नाहीस!"

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत!"

ते भांडण अजून चालू आहे. लग्न लागलं.

हसताय? हसा! मामांना हसणं सोपं आहे. पण तिसऱ्या रांगेतल्या काकू, सून फोन घेऊन गच्चीवर का जाते, हे तुम्ही मघाशी देवळाच्या पायरीवर कुणाला विचारत होतात? आणि तुम्ही, खांबाला टेकलेले! मुलगा रविवारी कुठे जातो, हे त्याच्या मित्राला विचारलंत, मित्राच्या बापाला विचारलंत. मुलगा घरात जेवत होता, त्याला वाढलंत, विचारलं नाहीत! संशय वाईट नाही हो, तो येणारच, माणसाला येतो. पण तो घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाऊ नका. ज्याचा आहे त्याच्या दारात जा. लाजत जा, लाल होऊन जा, पण तिथेच जा! आज घरी गेल्यावर एकाला तरी विचाराल? खरं सांगा — विचाराल?

त्या पँटच्या आत, कमरेपाशी शिवलेल्या पट्टीवर इस्त्रीचं चित्र होतं, आणि त्यावर फुली मारलेली होती.