हौसाबाई काय म्हणाली?

मंडळी, आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही! ठेवला, तर हा गळ्यातला हार त्याचा! या जागेवरून मी काय काय सांगितलं — वेद बोलणारा रेडा सांगितला, समुद्र पिऊन ढेकर देणारा ऋषी सांगितला — तुम्ही खुशाल माना डोलावल्यात. आजची गोष्ट मोबाईलमधली आहे. हीच नेमकी तुम्हाला पटायची नाही!

पण आधी एक विचारतो. घरातल्या माणसाला जे आपण जन्मात विचारत नाही, ते परकं कुणी येऊन विचारून जातं — आणि मग त्याच्या उत्तरासाठी आपण दारोदार का फिरतो? बोला! राहू दे, आधी ऐका.

आजऱ्याच्या पुढं, डोंगरकुशीत एक गाव. गावात रवळनाथाचं देऊळ, देवळात सुबराव गुरव. पहाटे देवाला अंघोळ, मग फुलं, दुपारी नैवेद्य. आणि नैवेद्य शिजवणार कोण? हौसाबाई — सुबरावची बायको. ओलेत्या लुगड्यानं चुलीपुढं! मीठ चाखायचं नाही हं. देवाआधी जिभेला कसं लावणार? सगळा अंदाज! तरी देव कधी ताटावरून उठला नाही. नाहीतर आपल्याकडं — आमटी जरा अळणी झाली की वाटी भिंतीवर! कोण ते मला ठाऊक आहे, नाव घेत नाही. पुढच्याच रांगेत बसलेत.

तर, ताट देवापुढं गेलं की सुबराव गाभाऱ्याचा पडदा ओढायचा. का? देव जेवतोय! जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये. सगळ्यांनी पाठ करून बसायचं. देवाचं झालं की पाहुण्यांचं, मग आल्यागेल्याचं, मग सुबरावचं. आणि हौसाबाईचं? ते तिचं तिला ठाऊक, नाहीतर चुलीला.

एकदा कोल्हापूरच्या एका वर्तमानपत्रातली बाई आली. रविवारच्या पुरवणीत लिहायचं होतं तिला. हौसाबाईच्या शेजारी बसली, बोलली, फोटो काढला, गेली. रविवारी पेपर आला. सुबरावनं उघडला — "अगं, फोटो आलाय की तुझा!" झालं. वाचला? छे हो! देवाचं सगळं व्हायचं होतं. आणि दुपारी एका पाहुण्याला प्रसाद बांधून द्यायला कागद सापडेना, तेव्हा त्याच पानात — हो, त्याच! — खोबऱ्याचे तुकडे बांधून दिले. हौसाबाई उंबऱ्यात उभी होती. बघितलं. भांडी घासायला गेली.

पुढं एका हिवाळ्यात ती गेलीच. घर सुबरावला खायला उठलं. नैवेद्य आता सून करायची, सारिका. ती एक दिवस ओरडतच देवळात आली. "मामा! आत्तींचा तो लेख सापडला मोबाईलवर!"

सुबराव हातातलं ताम्हण टाकून धावला. "वाच पोरी!"

सारिका वाचू लागली. "'एवढी वर्षं देवाला जेवू घातलंत. तुम्ही जेवलात का, असं तुम्हाला कधी कुणी विचारलं?' — मी विचारलं. हौसाबाईंनी पदराला हात पुसले, बाहेर फुलं निवडत बसलेल्या नवऱ्याकडं एकदा बघितलं, आणि म्हणाल्या —"

"काय म्हणाली?"

"पुढं सगळं पुसट केलंय, मामा. 'पुढील मजकूर वाचण्यासाठी सदस्य व्हा.' पडदा पाडलाय मेल्यांनी."

पडदा! मंडळी, तुम्ही-आम्ही असतो तर शिव्या घातल्या असत्या. पण तो जातीचा गुरव! पडदा पडला म्हणजे काय? आत जेवण चाललंय! "बघू नगंस पोरी! पाठ कर!" म्हणाला, मोबाईल पाटावर ठेवला, आणि स्वतः पाठ फिरवून, हात जोडून बसला. हसू नका! त्याला मनापासून वाटलं — हौसा जेवतेय. जेवू दे. जन्मात पहिल्यांदा सावकाश जेवतेय.

बातमी गावभर झाली. निम्मं गाव येऊन मोबाईलकडं पाठ करून बसलं! सुबरावनं मोबाईलला गूळभात दाखवला, आणि खोटं सांगत असेन तर जीभ झडो — बॅटरी चढली! पण पडदा काही सरकेना. मग साप चावलेल्याला सांगावेत तसे उपाय सुरू झाले. एक म्हणाला, "पान उघडल्या उघडल्या नेट बंद करायचं. पडद्याला पडायला सवडच द्यायची नाही!" केलं. पडदा आपला जागेवर! दुसरा म्हणाला, "माझ्या मेव्हण्याचा पासवर्ड आहे, घ्या. फुकटात होतंय काम."

सुबराव उसळला. "माझ्या बायकोचं बोलणं मी तुझ्या मेव्हण्याच्या नावानं ऐकू व्हय रं?"

शेवटी सारिकानं रीतसर वर्गणी भरली. सुबरावनं अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला, पाटासमोर बसला. या खेपेला तोंड करून! वाजवा रे टाळ जरा, मला घोटभर पाणी पिऊ दे ...

हं. पडदा सरकला. "लिही गं, हौसा," म्हणाला. बघा — बोल म्हणायचं सुद्धा सुधरेना त्याला! सारिकानं बोट वर सरकवलं. पुन्हा सरकवलं. पान पांढरं.

तिनं वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला आणि सुबरावच्या हातात दिला. पलीकडची मुलगी गोड बोलली. "काका, जुन्या पुरवण्यांच्या पहिल्या ओळीच उरल्यात आमच्याकडं. मशिनं बदलली तेव्हा बाकीचं गेलं. छापील अंक पुरात भिजले. लिहिणाऱ्या मॅडमही आता नाहीत. तुमची वर्गणी परत करते हं."

"मग ती खालची पुसट अक्षरं कुणाची, बाई?"

"ती कुणाचीच नाहीत, काका. सगळ्याच लेखांखाली तशी असतात. नुसत्या रेघा."

मंडळी! पडद्यामागं देव आहे, एवढ्या एका भरवशावर ज्यानं जन्म काढला, त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं — आत कुणी नव्हतंच. तू नुसत्या रेघांना पाठ करून बसला होतास.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याचं ताट पुढं गेलं. सुबरावनं पडद्याची दोरी हातात घेतली, आणि ओढवेना. तसाच उभा. भात निवला. सारिका म्हणाली, "मामा, देव खोळंबलाय."

"खोळंबू दे," म्हणाला. "तू जेवलीस का?"

सारिकानं पदराला हात पुसले. अहो, तिलाही आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि हौसाचं उत्तर तर आता तिन्ही लोकांत कुणापाशी नव्हतं! इंद्राच्या दप्तरात नाही, यमाच्या नाही!

आता तुमच्याकडं येतो. सुटका नाही! जगातल्या चार बातम्या वाचायला तुम्ही कुणाकुणाचे पासवर्ड मागता. आणि घरात ते एक माणूस रोज तुमच्यापुढं ताट ठेवतं — उघडं, बिनपडद्याचं, बिनवर्गणीचं — त्याची पहिली ओळ तरी वाचलीत? आज घरी जाऊन विचारा. उद्या म्हणाल, तर उद्या नुसत्या रेघा असतील!

अरे, रडताय काय! बायांनो, डोळे पुसा. मी तुम्हाला तसंच रडवून घरी पाठवीन होय? ऐका, हौसाबाई काय म्हणाली ते. तिनं पदराला हात पुसले, नवऱ्याकडं बघितलं, हसली, आणि म्हणाली, "विचारायचं कशाला, बाई? ते जेवले की माझं पोट भरतंच!" वाहवा! काय ती माउली! म्हणा —

"खोटं!"

कोण ते? मागं, महाप्रसादाच्या पातेल्यापाशी — हातात पळी तशीच घेऊन एक बाई उभी.

"साफ खोटं बोलताय, बुवा! उत्तर कुणापाशीच उरलं नाही म्हणालात ना आत्ता? आणि सकाळपास्नं चुलीपुढं बसलेली बाई असलं काही म्हणत नसती!"