मालकाचा फोटो

(मुरबाडच्या बाजारपेठेतला महेंद्रचा फोटो स्टुडिओ. स्टुलावर बैलांचे व्यापारी धाऊशेठ. शेजारी त्यांची मुलगी सरिता, हातात मोबाइल.)

महेंद्र : हाही तसाच आला, धाऊकाका. आतापर्यंत काढलेले सगळे फोटो एकावर एक ठेवले, तर एकच फोटो दिसेल.

धाऊ : मग एकच धर. बाकीचे खोडून टाक.

महेंद्र : प्रश्न संख्येचा नाही. चेहऱ्यावर काही उमटत नाही, हा प्रश्न आहे. व्यावसायिकाचा फोटो म्हणजे आधारकार्डाचा फोटो नव्हे. आधारकार्डावरून माणूस कोण आहे एवढेच कळते. इथे तो कसा आहे हे कळले पाहिजे.

धाऊ : मी कसा हाय ते गिऱ्हाइकाला कळलं, तर मी धंदा काय करू?

सरिता : बा, जुन्नरचा माणूस सकाळी फोनवर काय बोलला ते परत सांगू का? खोंडाचे फोटो बघितले, धावतानाचा व्हिडिओ बघितला, दात बघितले. मग म्हणाला, ताई, बैल दिसला, मालक दिसला नाय. मागं कोणीतरी दुसऱ्याच्याच गोठ्यातला बैल दाखवून फसवलाय त्याला. संध्याकाळपर्यंत मालकाचा फोटो गेला नाय, तर तो दुसरा खोंड बघणार.

धाऊ : बघू दे. म्हसा गावच्या जत्रंत आपले बैल शंभर जण बघतील.

सरिता : जत्रंत उभं कोण राहणार? गेल्या साली दुपारीच गुडघे धरून बसलास. बैल राहिले तिथंच, नि पिकअपमधून तुला आणला.

धाऊ : पिकअप रिकामीच जाणार व्हती.

सरिता : आता धंदा मोबाइलवर चालला तर चालला, नायतर गोठा बंद. हे तूच बोललास.

धाऊ : बोललो. तोंड दाखवीन असं नाय बोललो.

महेंद्र : काका, हा कोट घालून पाहू. मागून उघडा आहे. पुढून हात घातले की झाले.

धाऊ : हा तोच ना, सगळ्यांच्या फोटोत असतो तो?

महेंद्र : या कोटात तालुक्यातली निम्मी माणसे नोकरीला लागली आहेत.

धाऊ : म्हणूनच नको. ह्यो घालून गोठ्यात शिरलो, तर बैलाला वाटंल डॉक्टर सुई घेऊन आला.

महेंद्र : ठीक, कोट राहिला. निदान थोडे हसा. ओळखीचा माणूस समोर आला आहे, असे समजा.

धाऊ : ओळखीच्यालाच जास्त सांबाळायचं असतं. महेंद्रा, म्हशाला सौदा कसा व्हतो ते बघितलंस ना? रुमालाखाली हातात हात. बोटं बोलतात. भोवती एवढी माणसं, पण भाव कोणाला कळत नाय. मग ती काय करतात? माझ्या तोंडाकडं बघत बसतात. तिथं तोंड हललं, की गेला सौदा. जन्मभर ह्या तोंडाला कुलूप घातलं. तू म्हणतोस, एका बटनानं उघड.

महेंद्र : युक्तिवाद मान्य, निष्कर्ष अमान्य. जत्रेत तुम्हाला लोक ओळखत होते. मोबाइलवर तुम्ही अनोळखी आहात. ओळखीच्या माणसाने चेहरा बंद ठेवला, तर त्याला मुरलेला व्यापारी म्हणतात. अनोळखी माणसाने ठेवला, तर काहीतरी लपवतो आहे असे म्हणतात.

सरिता : आता ह्याच्यावर काय बोलशील, बा?

धाऊ : बरोबर बोलतोय तो. पण मला हसता येत नाय.

सरिता : महेंद्रदादा, फोटोचा दर ठरलाय का?

महेंद्र : दर त्या भिंतीवर लिहिलेला आहे. त्यात कमीजास्त होत नाही.

सरिता : बा, ऐकलंस?

धाऊ : ऐकलं. माझा रुमाल कुठाय?

महेंद्र : काका, मी सौदा करत नसतो.

सरिता : तुमी नुसते समोर बसा नि हात द्या. मोबाइलचं बटन मी दाबते.

महेंद्र : हे माझ्या तत्त्वात बसत नाही. बरे, बसलो. काका, हे कोणते बोट?

धाऊ : तोंडानं बोलू नको. बोटानं बोल.

सरिता : झाला. निघाला फोटो.

महेंद्र : सौदाही झाला, असे दिसते. मी कबूल कधी झालो?

धाऊ : अंगठा दाबलास तवा.

महेंद्र : मी दचकलो होतो.

धाऊ : तसंच असतं.

सरिता : हा बघा.

महेंद्र : चेहरा तोच आहे. तसूभरही हललेला नाही. मात्र मघाशी स्टुलावर कोणीतरी बसवलेला माणूस होता. इथे आपणहून बसलेला आहे. हा फरक मला करता आला नाही, हे नमूद करतो. पाठव.

सरिता : गेला. बघितला पण त्यानं. लिहितोय. अजून लिहितोय.

धाऊ : नाय म्हणायला एवढं लिवावं लागत नाय.

सरिता : आलं. वाचते. ‘ताई, या माणसाला मी पाहिलंय. लहानपणी म्हशाच्या जत्रेत, वडिलांच्या खांद्यावर बसून. वडिलांनी यांच्याकडून डांगी जातीची बैलजोडी घेतली होती. घाट चढून घरी पोचेपर्यंत ते एकच विचार करत होते, की पैसे जास्त दिले का कमी. पुढे जोडी थकली, वडीलही गेले, पण त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. हा चेहरा बघून मलाही कळत नाही. खोंड मी घेतो. पण आधी त्यांना तेवढं विचारा.’

धाऊ : डाव्या बैलाचं शिंग मोडकं व्हतं. नांगराला सरळ चालायचा.

सरिता : म्हणजे आठवतंय तुला. मग काय लिहू, जास्त का कमी?

महेंद्र : काका, तसेच राहा. हलू नका.

धाऊ : महेंद्रा, ठेव तो कॅमेरा खाली. सरू, लिव त्याला. उद्या घाट उतरून ये, टोकावड्याला घर हाय. हात दे म्हणावं, रुमालाखाली सांगीन.