नऊशे थ्रेड

रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचसाठी रांग लागली होती. माझ्या पुढे मासळीची पाटी घेतलेली एक बाई आणि ऑफिसला निघालेली तिची लेक उभी होती.

"सुचिता, आता तरी सांग. नोकरी राहिली का गेली?"

"राहिली, आये. ऑफिसचा राउटर रोज दुपारी बंद पडायचा आणि साहेब म्हणायचे, तूच बिघडवलास."

"मंग?"

"राउटरमध्ये एका वेळी शंभरेक प्रोसेस, म्हणजे छोटे प्रोग्राम, चालू असतात. तीन दिवस मी दर दहा मिनिटांनी त्यांची यादी बघत बसले. एका प्रोसेसचे थ्रेड वाढतच होते. सकाळी चार, दुपारी नऊशे."

"थ्रेड म्हंजे?"

"कामाचे धागे. काम संपलं की धागा सुटायला हवा. तिचे सुटतच नव्हते, म्हणून राउटर अडकायचा."

"ती कोणी चालू केलेली?"

"साहेबांनीच. मी बंद केली, आणि काल दिवसभर राउटर चालला."

"मंग साहेब काय बोलला?"

"माझी चूक झाली, म्हणाले. सगळ्यांसमोर, उभं राहून."

"उभं राहून?"

"व्हय."

"मंग तू एवढं हळू का बोलतंस? जोरात सांग, रांगेला ऐकू दे!"