टबात उतरलेली युद्धनौका

माझ्या युद्धनौकेला हसू नका, आधी ऐका! बोईसरच्या कारखान्यात मी कामाला होते. तिथले फेकलेले प्लॅस्टिकचे तुकडे आणून ती केली होती. तोफा रिफिलच्या, रडार मोडक्या कंगव्याचं, वर राखाडी रंग. सासर मुरबे गावचं, कोळ्यांचं. सासूबाईंनी बजावलं, "बुडली तर भंगारात देन."

सासरे बोटीवरचे तांडेल, खलाशांचे म्होरके. लांबूनच म्हणाले, "वर जड हाय. कलंडेल."

 त्यांना ठाऊक नव्हतं, तळात मी मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते जड शिसं बसवलं होतं.

टबात सोडली. सासऱ्यांनी बोटाने आडवी पाडली, की ती पुन्हा उभी! ते उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. तर नारळ घेऊन आले आणि सासूबाईंना म्हणाले, "कुकू आन. नवी बोट पान्यात उतरली हाय."