तळोद्याच्या दवाखान्यातली फायबर

तळोद्याच्या त्या खाजगी दवाखान्याचं सांगितलंच नाही ना मी तुम्हाला? रस्त्याच्या अलीकडे डॉक्टर बसतात आणि पलीकडच्या नव्या इमारतीत एक्स-रे काढतात. मधून फायबर टाकून झाली होती, पण डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर एकही एक्स-रे उघडत नव्हता, कारण दोन्हीकडची सबनेट, म्हणजे मशीनच्या पत्त्यांचे गट, वेगळी होती. सुरतेचा इंजिनिअर सांगून गेला होता, "सगळ्या मशीनचे पत्ते बदला, दोन दिवस काम बंद ठेवा."

मग नेटवर्कची कामं करणाऱ्या मला बोलावलं. मी म्हटलं, "बंद काही ठेवायचं नाही. राउटरला रस्ता सांगितला की झालं."

डॉक्टरांकडच्या राउटरमध्ये रस्ता टाकला. तरी स्क्रीन कोरीच! डॉक्टर म्हणाले, "ताई, सुरतेला फोन लावू का?" माझे कान तापले. मग लक्षात आलं, इथली मागणी तिकडे पोचतेय, पण उत्तर कुठून परत पाठवायचं हे तिकडच्या राउटरला कोणी सांगितलंच नाही. धावत पलीकडे गेले आणि तेही टाकलं.

परत येते तर डॉक्टर एका आजीचं मोडलेलं मनगट स्क्रीनवर मोठं करून बघत होते. "प्लास्टरची तयारी करा," सिस्टरला म्हणाले. माझ्याकडे बघायलाही विसरले. तेच मला फार आवडलं.

मला गाडीवर सोडायला आलेले वडील बाहेर बाकावर बसले होते. हे नेटवर्कचं काम सोड, बीएड कर म्हणून वर्षभर माझ्याशी भांडलेले. सुरतेचा इंजिनिअर आला का म्हणून शेजारच्या माणसाने त्यांना अहिराणीत विचारलं, "मशीन चालू व्हयनं म्हने. सुरतना इंजिनिअर उना का भाऊ?"

वडील ताठ बसले. "सुरतना नही. मन्ही पोर शे ती."