ढगीची लोकर आजच उतरवायची

हॅलो?… हो, मीच. दवाखान्यात माझ्या खाटेवर माझ्याशिवाय फोन कोण उचलणार?… पाय आहे तिथेच आहे, प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. तू बोल… काय? कोण खात नाही?… ढगी? खिडकीजवळच्या पिंजऱ्यातली आपली लोकरीची सशीण? कधीपासून?… सकाळपासून! आणि धाकटे, मला सांगायचं तुला दुपारी सुचतं?… मी काळजी करीन म्हणून. बरं. आता करते.

अगं, ऐक ना. रडू नकोस… रडत नाहीस? मग नाक कशाला ओढतेस? पिंजऱ्याखालचा ट्रे बघ. लेंड्या आहेत?… कमी. बारीक. आणि?… चिकटलेल्या म्हणजे?… केसात ओवल्यासारख्या. अगं, ते केस तिचेच आहेत, पोटातून आलेले. गवत किती घालतेस तिला?

… हॅलो? गवत, गवत! वाळलेलं. मागच्या दाराशी भारा बांधून ठेवलाय, तो एव्हाना अर्धा…

बंद केलंस?

कधीपासून?… बारा दिवस! का पण?… लोकरीत काड्या अडकतात. हो, अडकतात. आपली लोकर घेणाऱ्या शालवाल्या बाई गेल्या खेपेला म्हणाल्या होत्या, लोकर आहे की केरसुणी. हो, तुझ्यादेखत म्हणाल्या. म्हणून तू गवतच… धन्य आहे. पाहुण्याच्या पायाखाली वर्तमानपत्र पसरणारी बाई तू, तुझ्या हाती मी ससे दिले. चूक माझीच.

मग खायला काय घातलंस?… खुराकाच्या गोळ्या. दुप्पट. वर सोयाबीन… गाजरं. सोलून! सशाला गाजर सोलून!… हो, हो, वाढली असणारच लोकर. चांगला खुराक घातला की तो अंगावर उगवतो, हे मीच शिकवलं तुला. पुढचं शिकवायच्या आत जिन्यावरून पडले. लोकर वाढली की ती स्वतःला चाटणार, चाटलं की केस गिळणार. मांजर ओकून मोकळं होतं. सशाला ओकताच येत नाही, बाई! गिळलेलं पुढेच ढकलावं लागतं, आणि ढकलतं कोण? तुझं ते घाणेरडं गवत.

… नाही गं, मुद्दाम केलंस असं कुठे म्हणतेय मी? डॉक्टरांना फोन केलास?… जनावरांच्याच ना?… तासाभरात येतायत. तोवर काय करा म्हणाले?… गोळ्या बंद, पाणी, गवत पुढ्यात ठेवा. बरोबर. आणि?… "जमलं तर लोकर कमी करा." मग जमव. कात्री घे.

दहा दिवस? नाही, लोकर पुरी वाढेपर्यंत दहा दिवस थांबायचं नाही… मला माहितेय शालीला बोटभर लांबी लागते. अजून अर्धं पेर कमी आहे, तेही माहितेय… इतकी पांढरी? एक काडी नाही?… मी घरी आल्यावर मला दाखवायची होती.

… अगं, ऐक ना. कळलं मला. सगळं कळलं. पण मला सांग, ती आत्ता काय करतेय?… चाटतेय. म्हणजे तुझी ती पांढरीशुभ्र शाल घासाघासाने पोटात चाललीये. ती आत विणून घ्यायचीये का आपल्याला?

बाईंना मी सांगते. काय करतील? ओरडतील. पाय मोडलाय, कान शाबूत आहेत, घेईन ऐकून… दुसऱ्या कोणाची लोकर घेतील? घेऊ देत. वर्षभराची मेहनत माझी आहे ना? म्हणूनच सांगतेय, काप.

हां. फोन स्पीकरवर टाक, बाजूला ठेव. मांडीवर घे तिला. आधी कुशीवरची, जिथे तोंड पोहोचतं तिथली. केस ओढून धरू नकोस, कातडी कागदासारखी असते, कात्रीत येईल. मध्ये कंगवा धर. कंगव्याच्या वर काप… वाकडी होऊ दे! तिला लग्नाला नाही जायचं… दुसरी बाजू. अगदी उघडी करू नकोस, गारठेल.

… हो सिस्टर, दोन मिनिटं. घरी आजारी आहे एक… नाही, सासूबाई नाहीत.

तू काप गं, थांबलीस का?… झालं? आता अंगावर तो जुना टॉवेल टाक… इस्त्रीचा नको, जुना! आणि गवत. अख्खी पेंढी कोंबू नकोस, एकच काडी, लांबशी, तोंडापुढे धर… हुंगतेय? मान फिरवली?… फिरवू दे. परत धर… परत. मी कुठे जात नाही, मला जाताच येत नाही… रागावले नाहीये. रागावले होते, आता वेळ नाही. धर.

… काय? काय झालं?… बोल ना!… थांब, बोलू नकोस. फोन तिच्या तोंडाजवळ ने. अजून जवळ.

…

चावतेय.

चावतेय गं… अगं हो, ऐकू येतंय मला, तू हुंदके आवर म्हणजे नीट ऐकू येईल… डॉक्टर येतीलच, तपासू देत. दार उघडं ठेव आणि दुसरी काडी हातात घेऊन बस.

हो सिस्टर, ठेवते. एवढी काडी संपली की ठेवते.